महिला पोळी, बचत भाजी

या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा." मी म्हटलं, "गमती थोड्या आहेत, नोटिसा भरपूर आहेत." ते म्हणाले, "मग नोटिसांचंच लिहा." म्हणून लिहितोय.

मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. प्रवरेच्या अंगानं वसलेलं आमचं तालुक्याचं गाव. त्याचं नाव इथं लिहीत नाही. एक तर मला अजून तिथंच राहायचंय, आणि पालिकेच्या कमानीवरची अक्षरंही माझ्याच हातची आहेत. उगीच रागाच्या भरात कुणी खरवडून काढायला नकोत. गावात मला सगळे बबन पेंटर म्हणतात. माझं आडनाव विचारलं तर शेजाऱ्यालाही जरा आठवावं लागेल.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पाटी म्हणजे पत्र्यावर नाव लिहायचं आणि चार खिळे ठोकायचे. तसं नसतं. पत्रा घासायचा, त्याला अस्तराचा हात द्यायचा, तो वाळला की वर रंगाचा हात. मग दोऱ्याला खडूची पूड चोळून तो पत्र्यावर ताणायचा आणि मधोमध टिचकी मारायची. सरळ रेघ उमटते. त्या रेघेला अक्षरं टांगायची. इंग्रजी अक्षर जमिनीवर उभं असतं, मराठी अक्षर वरून लटकतं. वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. म्हणजे इंग्रजी अक्षर एका खोलीत संसार करतं. मराठी अक्षराला माळाही लागतो आणि तळघरही. हे गिऱ्हाइकाला कधी कळत नाही. तो पत्रा आणून देतो आणि म्हणतो, "एवढ्यात बसवा."

मग फ्लेक्स आला. सकाळी नाव सांगितलं की दुपारी गल्लीएवढं कापड तयार, वर मालकाचा, मालकाच्या साडूचा आणि साडूच्या नेत्याचा फोटो. आम्ही पेंटर लोक घरी बसलो. मी मधली वर्षं ट्रकांच्या फाळक्यांवर गुलाब काढले आणि पाण्याच्या टाक्यांवर 'पाणी जपून वापरा' लिहिलं.

अशात नियम आले. राज्याचा नियम असा, की दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत हवी आणि दुसऱ्या भाषेतलं अक्षर मराठीपेक्षा मोठं नको. हा मला मनापासून पटलेला आहे. पण त्याच्या मागोमाग आमच्या पालिकेने स्वतःचेही काही जोडले. पाटी दुकानापेक्षा रुंद नको. भिंतीपासून वीतभरापेक्षा पुढे नको. वरच्या मजल्याची खिडकी झाकायला नको. एका दुकानाला एकच पाटी. दुकानाचं नोंदवलेलं पूर्ण नाव लिहिलंच पाहिजे, आणि पाटी रस्त्याच्या पलीकडून वाचताही आली पाहिजे. फ्लेक्स तर नकोच. यातला प्रत्येक नियम एकेकटा घेतला तर शहाण्या माणसाने केलेला वाटतो. सगळे मिळून एका दुकानावर आले, की एका सायकलीवर सगळं वऱ्हाड बसल्यासारखं होतं.

फ्लेक्सने मला घरी बसवलं होतं, नियमांनी उठवून कामाला लावलं. त्यामुळे त्यांना नावं ठेवायचा मला फारसा अधिकार नाही. तरी ठेवतो.

हे नियम अमलात आणायला परवाना विभागात ढगे साहेब आले. तिशीतले, सडसडीत, इस्त्रीचा शर्ट, खिशात मोजपट्टी. लाच घेत नसत. चहासुद्धा स्वतःच्या पैशाने प्यायचे. असला माणूस आला की बाजार फार घाबरतो, कारण त्याच्याशी बोलायचं काय हेच कुणाला कळत नाही.

त्यांची माझी पहिली गाठ मुश्ताकभाईंच्या 'किंग मोबाईल'वर पडली. मी पाटी लावून खाली उतरत होतो तेवढ्यात साहेब आले, माझ्याच शिडीवर चढले आणि मोजपट्टी लावली.

"इंग्रजी मोठं आहे," ते वरून म्हणाले.

"नाही साहेब. वेलांटीपासून मोजा," मी खालून म्हणालो.

"वेलांटी अक्षरात धरायची?"

"मग कुठं धरायची?"

साहेब शिडीवरून खाली उतरले. खरं सांगायचं तर मीही वेलांटीकडे नव्याने बघितलं. इतकी वर्षं अक्षरं काढली, पण वेलांटी अक्षराची की अक्षरावरची, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. वेलांटी धरली तर मराठी मोठं, सोडली तर इंग्रजी मोठं. आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर बसलो आणि बराच वेळ त्यावर बोललो. शेवटी साहेबांनी वरिष्ठांकडे लेखी विचारणा केली. वरिष्ठांनी उलट विचारलं, "वेलांटी पहिली की दुसरी?" त्यापुढे तो विषय अजून सरकलेला नाही. मुश्ताकभाईंनी धोका नको म्हणून माझ्याकडून वेलांटी वाढवून घेतली. ती आता 'किं'वरून निघून थेट 'मो'च्या डोक्यावर येते. लांबून बघणाऱ्याला वाटतं दुकानाने पदर घेतलाय.

पण खरी हकिकत सांगायची ती पोळी-भाजी केंद्राची.

बसस्टँडच्या मागच्या रस्त्याला हार्डवेअरचं एक दुकान आणि औषधांचं एक दुकान, यांच्या मध्ये एक बोळ होता. पूर्वी तिथं सायकली लावत. त्या बोळावर पत्रे टाकून बचत गटातल्या बायकांनी पोळी-भाजीचं दुकान काढलं. आत गेलं आणि दोन हात पसरले, की दोन्ही भिंतींना बोटं टेकायची. पुढे शालनताई उभ्या. त्या गटाच्या अध्यक्षा. आवाज असा, की स्टँडवरच्या कंडक्टरने वळून बघावं. त्यांची धाकटी जाऊ मंदा पोळ्या लाटायची. आणि अगदी आत, चुलीपाशी, भीमाबाई बसायच्या. भीमाबाई मूळच्या पाथर्डीकडच्या. निम्मं आयुष्य ऊसतोडीत गेलं, कारखान्याच्या पट्ट्यात आल्या आणि इथंच राहिल्या. त्यांची बाजरीची भाकरी खायला लोक वाकडी वाट करून यायचे. दुकान चालायचं ते त्या भाकरीवर, हे शालनताईंसकट सगळ्यांना माहीत होतं.

दुकान वीतभर आणि नाव हातभर. नाव होतं: 'कानिफनाथ कृपा महिला बचत गट संचलित अन्नपूर्णा पोळी-भाजी केंद्र'. त्यांनी त्याचा फ्लेक्स केला होता. तो एका बाजूने हार्डवेअरवर आणि दुसऱ्या बाजूने औषधांवर गेला होता. 'कानिफनाथ' खिळ्यांच्या वर आणि 'केंद्र' खोकल्याच्या औषधावर. शेजाऱ्यांची तक्रार नव्हती. ढगे साहेबांची होती. नोटीस आली आणि शालनताई माझ्याकडे आल्या.

"बबनभाऊ, दुकानाएवढ्या पाटीत एवढं नाव बसवा."

मी माप घेतलं. तीन ओळी केल्या तर अक्षर मुंगीएवढं, रस्त्याच्या पलीकडून दिसणार नाही. ओळी वाढवल्या तर पाटी वर जाऊन पत्र्यांच्या मागे वरच्या मजल्यावर असलेल्या पतपेढीची खिडकी झाकणार, आणि पतपेढीतल्या माणसांनाही वारा लागतोच. मी रात्रंदिवस डोकं खाजवलं म्हणणार नाही, पण जेवताना पोळीवर बोटाने अक्षरं काढत होतो हे खरं. बायको म्हणाली, "खा, नाही तर मुंग्यांना घाला."

मग मला युक्ती सुचली. दाराच्या दोन्ही बाजूंना दोन उभ्या फळ्या. डाव्या फळीवर एकाखाली एक शब्द: कानिफनाथ, कृपा, महिला, बचत, गट. उजव्या फळीवर: संचलित, अन्नपूर्णा, पोळी, भाजी, केंद्र. पाच इकडे, पाच तिकडे. अक्षरं चांगली मोठी, लाल रंगात, पिवळ्या कडा. दोन्ही फळ्या लावून मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो आणि स्वतःवर खूश झालो.

मला नाव पाठ होतं म्हणून मी आधी डावी फळी वाचली, मग उजवी. रस्त्याने जाणारा माणूस तसं वाचत नाही. तो आडवं वाचतो. पहिलंच गिऱ्हाईक आलं, एक मास्तर. दारात थांबून त्यांनी मोठ्याने वाचलं:

"कानिफनाथ संचलित. कृपा अन्नपूर्णा. महिला पोळी. बचत भाजी. गट केंद्र." मग शालनताईंना विचारलं, "बचत भाजी म्हणजे कालची उरलेली का?"

"उरलेली तुमच्या घरी!" शालनताई कडाडल्या. "सकाळी आणलेली मेथी हाय."

"आणि महिला पोळी?"

मंदाने आतून लाटणं दाखवलं. मास्तरांनी पुढे विचारलं नाही.

ही बातमी दुपारपर्यंत सगळ्या बाजारात गेली. लोक मुद्दाम यायचे, वाचायचे, हसायचे आणि 'अर्धी बचत भाजी द्या' म्हणून मागायचे. धंदा खरं तर वाढला. भीमाबाईंना तर त्यात काही चुकलंय असंच वाटलं नाही. कुणीतरी त्यांना 'कानिफनाथ संचलित' वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग खोटं काय हाय? त्योच चालवायलाय."

पण ढगे साहेब आले. त्यांनी दोन्ही फळ्या मोजल्या. रुंदी बरोबर, उंची बरोबर, अंतर बरोबर. मग म्हणाले, "या दोन पाट्या आहेत. दुकानाला एकच चालते."

मी म्हटलं, "साहेब, पाटी एकच आहे. मध्ये दार आलंय."

त्यांनी यावर विचार केला. हे मला त्यांच्यातलं आवडायचं, ते विचार करायचे. विचार करून झाल्यावर म्हणाले, "काढा."

फळ्या काढल्या. आता दुकानाला पाटीच राहिली नाही, आणि बोळ इतका अरुंद की नवा माणूस न बघता पुढे निघून जायचा. गिऱ्हाईक ओसरायला लागलं. त्यातच पुढची नोटीस आली, की नियमाप्रमाणे पाटी लागल्याशिवाय परवाना पुन्हा मिळणार नाही. म्हणजे मुदतीत पाटी नाही, तर दुकानाला कुलूप.

शालनताई पुन्हा आल्या. या वेळी त्यांच्या हातात एक पांढरा अॅप्रन होता.

"यावर लिवा, 'पोळी-भाजी इथं मिळंल.' पुढूनबी आन् मागूनबी."

"हे कशाला?"

"तुमी लिवा तर खरं."

मी लिहिलं. कापडावर रंग पसरतो, म्हणून जरा जाड काढलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर दुकानाबाहेर मंदा उभी. अंगात अॅप्रन, डोक्यावर पदर, चेहरा फोटो काढायला बसवल्यासारखा. शालनताईंच्या म्हणण्याप्रमाणे दर थोड्या वेळाने ती वळायची, म्हणजे स्टँडकडून येणाऱ्याला पुढचं दिसावं आणि बाजाराकडून येणाऱ्याला मागचं.

योगायोग असा, की मी तिथं असतानाच ढगे साहेब आले. मंदासमोर उभे राहिले. आधी पुढचं वाचलं, मग मागे जाऊन मागचं वाचलं.

"ही पाटी आहे," ते म्हणाले.

"न्हाई साहेब," शालनताई म्हणाल्या, "ही माझी जाऊ हाय."

"जाऊ असू द्या. हिच्यावर जाहिरात आहे. म्हणजे हा फिरता फलक होतो. फिरत्या फलकाला वेगळी परवानगी लागते आणि तो रहदारीला अडथळा होणार नाही अशा जागी उभा करावा लागतो."

"मग सांगा की, जावंला कुठं पार्क करू?"

हार्डवेअरवाला हसून हसून खाली बसला. साहेबांच्या कपाळावर घाम आला. त्यांना हसू येत होतं की नाही मला सांगता येत नाही. त्यांचा चेहरा त्या कामाला सरावलेला नव्हता. तेवढ्यात मंदाच बोलली.

"साहेब, मी काय म्हनते," ती हळूच म्हणाली, "तुमी लावाच नियम. मला सकाळधरनं उन्हात उभी केलीया. पोळ्या लाटल्याल्या परवडल्या."

शालनताईंनी जावेकडे असं बघितलं की ती आपोआप आत गेली. साहेबांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर, आल्यापासून पहिल्यांदा, मोजपट्टी खिशात ठेवून बोलले.

"ताई, मला तुमचं दुकान बंद करायचं नाही. नाव छोटं करा ना. एवढं मोठं नाव ठेवलंच कशाला?"

सल्ला साधा होता. त्याने दुकान जवळजवळ मोडलं.

दुपारचं गिऱ्हाईक उरकल्यावर बायका आत बसल्या. किती अक्षरं बसतात ते सांगायला मला बोलावलं होतं. मी सांगितलं, चार शब्द झोकात बसतील, पाचवा धरला तर दाटीवाटीने. मग कोणते चार, यावर सुरू झालं. 'महिला' काढायला मंदा तयार नव्हती. 'बचत गट' गेलं तर बँकेचा माणूस ओळखणार नाही, असं एकीचं म्हणणं. 'पोळी-भाजी' काढलं तर दुकान कशाचं हेच कळायचं नाही. शालनताईंनी एक घाव दोन तुकडे केले.

"कानिफनाथ काढा. देवाला पाटी लागत न्हाई."

चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबला. भीमाबाई उठल्या. हात धुतले, पदराला पुसले. त्यांची स्वतःची लाकडी काठवट होती, पीठ मळायची. ती त्यांनी काखेत मारली आणि आमच्या मधून वाट काढत निघून गेल्या. तव्यावरची भाकरी तशीच राहिली. ती जळल्याचा वास आला तेव्हा कुठं आम्ही भानावर आलो.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. शालनताईंनी स्वतः भाकरी थापून बघितली. एका गिऱ्हाइकाने ती हातात धरून विचारलं, "ही मोडायची कशी?" शालनताई, ज्या कुणाचं ऐकत नसत, त्या माझ्या घरी येऊन ओट्यावर बसल्या आणि खाली मान घालून म्हणाल्या, "बबनभाऊ, मी बोलून गेले. पर मी गेले तर ती दार उघडायची न्हाई. तुमी जाता का?"

मी गेलो. कारखान्याच्या रस्त्याला पत्र्याची खोली. भीमाबाई बाहेर बाजेवर बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "पेंटर, तुला का धाडलं? रंग लावायला?"

"मावशी, चला. दुकान बसलंय तुमच्यावाचून."

"येईल की. नाव लावा, येते."

"माप बसत नाही हो."

रस्त्याने एक उसाची गाडी गेली, भीमाबाईंनी तिच्याकडे बोट केलं.

"म्या तोडीला जात व्हते तवाची गोष्ट. पोटुशी व्हते, तरी फडात. एकदा मढीला नाथाच्या देवळाच्या वाटंला बसले आन् त्याला म्हनलं, बाबा, हा कोयता सुटू दे. सावलीला बसून चार घास करायचं काम दे. मह्या दारावर तुझं नाव लावीन. त्यानं दिलं. उशिरा दिलं, पर दिलं. आता त्याला काय सांगू? मोजपट्टीत बसंना म्हनून?"

मी चहा घेतला आणि परत निघालो. वाटेत पालिका लागते. का कोण जाणे, मी आत गेलो आणि ढगे साहेबांच्या टेबलासमोर उभा राहून सगळं सांगितलं. कोयता, नवस, काठवट, जळालेली भाकरी. साहेबांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाले, "नवस 'दारावर' असाच बोलल्या होत्या?"

"हो."

"'दाराच्या बाहेर' नाही म्हणाल्या?"

"दारावर म्हणाल्या."

साहेब उठले. "काका," ते म्हणाले. तोवर मी 'पेंटर' होतो. "दाराला दोन बाजू असतात. बाहेरची माझ्या अखत्यारीत येते. आतली येत नाही. आणि पूर्ण नाव लिहिलं पाहिजे एवढंच नियमात आहे, कुठं ते नाही; ते दुकानात कुठंतरी वाचता आलं की माझं काम झालं. बाहेर चार शब्द लिहा. बाकीचं दाराच्या वर, आतून. पाहिजे तेवढं मोठं."

माणूस नियमाने बांधलेला असला तरी नियमाच्या आत हातपाय हलवायला जागा असते. ती शोधायची इच्छा लागते. साहेबांना ती त्या दिवशी झाली. मी म्हटलं, "हे मावशींना तुम्हीच सांगा."

तसे आम्ही दोघं गेलो. पालिकेचा माणूस दारात बघून आधी भीमाबाईंना वाटलं खोलीच पाडायला आलेत. मग साहेबांनी बाजेच्या कडेवर बसून, बोटाने हवेत दार रेखून दाखवत, बाहेरची बाजू आणि आतली बाजू समजावली. भीमाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"देवाला चालंल का हे?"

"देवाचं मी नाही सांगू शकत, मावशी. पालिकेला चालेल."

भीमाबाई पहिल्यांदा हसल्या. "देव काय रस्त्यात हुबा राहून वाचायलाय व्हय? त्यो आतच असतोय की." आणि काठवट उचलली.

बाहेरची पाटी मी अर्ध्या दिवसात केली: 'अन्नपूर्णा पोळी-भाजी केंद्र'. नेमकी, नियमात, रस्त्याच्या पलीकडून वाचता येणारी. पण जीव ओतून काम केलं ते आतलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी माप न देता काम दिलं होतं. भीमाबाई चुलीपाशी बसून सांगत होत्या, "आजून मोठं," आणि मी मोठं करत होतो. 'कानिफनाथ कृपा' भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि बाकीचं त्याच्या खाली दोन ओळींत. उतरून मी त्यांच्या शेजारी बसलो तेव्हा लक्षात आलं, की चुलीचं तोंड दाराकडे आहे. बाहेरची पाटी कितीही मोठी केली असती तरी भीमाबाईंना ती दिसली नसती. हे नाव दिवसभर त्यांच्यासमोर होतं.

शालनताईंनी माफी वगैरे मागितली नाही. त्यांनी पाहुण्यांसाठी राखलेल्या कपात चहा ओतून भीमाबाईंपुढे ठेवला आणि म्हणाल्या, "बशीबी हाय." त्या दोघींच्यात तेवढ्यावर मिटलं.

बाहेरच्या पाटीचा रंग वाळतो न वाळतो तोच जिल्ह्याचं नाव बदललं. मी पाटीच्या तळाला 'जि. अहमदनगर' लिहिलं होतं. शालनताईंचा फोन आला, "आता काय परत सगळं?" मी म्हटलं, "तळाचा शब्द तेवढा." 'अहिल्यानगर'मध्ये एक अक्षर कमी आहे, पण 'ल्या' अंग पसरून बसतो आणि 'हि'ची वेलांटी वरच्या ओळीच्या पायात येते. तरी बसवलं. त्या दिवसांत सगळा बाजार माझ्या दारात उभा होता. बोलताना सगळे आधीही नुसतं नगर म्हणत होते आणि आताही नगरच म्हणतात, पण रंगवायचं ते पूर्ण रंगवावं लागतं. हात आता पूर्वीसारखा चालत नाही. लांब शिरोरेखा एका दमात ओढायची तर मध्ये श्वास घ्यावा लागतो, आणि श्वास घेतला की रेघेला कळतं. तरी त्या महिन्यांत मी जितकं लिहिलं तितकं तरुणपणीही लिहिलं नव्हतं.

पुढे ढगे साहेबांची बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. निरोपाला बाजारातून फारसं कुणी गेलं नाही. भीमाबाईंनी मात्र वाटेसाठी भाकऱ्या बांधून दिल्या. साहेबांनी पैसे काढले. भीमाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी ते परत खिशात ठेवले. त्यांच्या नोकरीतली ती एकमेव लाच असावी.

बऱ्याच दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज पडलेला.

"काका, एक काम आहे. आमच्या सौभाग्यवतींनी इथं शिवणकामाचं दुकान काढलंय. मी पाटी लावली होती. नोटीस आलीय."

"कुणाला?"

"आम्हाला. पाटी शटरपेक्षा रुंद झालीय म्हणे."

"साहेब, तुम्ही स्वतः लावली?"

"स्वतः लावली," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "उत्साहात लावली. मोजायचं राहिलं. आणि इथला माणूस फार कडक आहे, काही ऐकूनच घेत नाही."

मी फोन जरा लांब धरला, कारण मला हसू आवरेना. मग ब्रश आणि डबे पिशवीत घातले आणि एसटी पकडली.

वहिनींचं नाव उज्ज्वला. पेंटरच्या दृष्टीने एवढं अवघड नाव दुसरं नसेल. 'ज्ज्व' म्हणजे तीन माणसं एका खुर्चीवर. अक्षर मोठं असलं तर शोभून दिसतं. लहान पाटीत त्याचा गुंता होतो. मी ते तीनदा पुसून चौथ्यांदा काढलं. साहेबांनी शिडी धरली होती. इस्त्रीच्या शर्टावर रंगाचे दोन थेंब पडले, त्यांनी काही म्हटलं नाही. मोजपट्टी त्यांनीच लावली, दोनदा. बरोबर भरली.

पाटी चढली. मी उतरून रंगाचे डबे झाकायला लागलो. साहेब रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. मागे हात बांधून बघत राहिले. मग डोळे बारीक करून बघितलं. मग एक पाऊल पुढे आले, परत मागे गेले. मी त्यांच्याजवळ गेलो.

"काका," ते हळू आवाजात म्हणाले, "नाव जरा मोठं नसतं का झालं? तिचं नाव आहे हो. लांबून दिसायला पाहिजे."

"नियमात बसत नाही, साहेब."

"नाही, ते आहेच," ते म्हणाले, पण नजर पाटीवरून हलेना आणि पावलं रस्त्याच्या मधोमध सरकत गेली. "थोडंसंच."

तेवढ्यात वहिनी गळ्यात टेप अडकवून दारात आल्या. त्यांनी वर पाटीकडे बघितलं, मग रस्त्याच्या मधोमध येऊन उभ्या राहिलेल्या नवऱ्याकडे.

"चांगलं दिसतंय की," त्या म्हणाल्या. "तुम्ही आधी वाटेतून बाजूला व्हा. तुमच्या मागं गिऱ्हाईक उभंय."